अक्कांची काजळगड मोहीम

ज्यांना लेखनाचा अधिकार आहे अशांनीच व्यक्तिचित्रे लिहावीत, असे मला आजवर वाटत आले आहे. मी महाविद्यालयात गणित शिकवले. फळ्यावर समीकरण मांडणे वेगळे आणि कागदावर माणूस मांडणे वेगळे, हे मला कळते. म्हणूनच निवृत्तीनंतर, या वयात, पहिल्यांदा असे काही लिहायला बसताना फार संकोच वाटतो. वाचकांनी क्षमा करावी. त्यातून ज्या बाईंविषयी लिहायचे आहे त्यांनी कुठले पद भूषवले नाही, की कुठला सत्कार घेतला नाही. त्यांनी केले ते एवढेच, की पुष्कळ वर्षे, रविवारी दुपारी, आम्हा तिघांना बरोबर घेऊन अत्यंत निष्ठेने दरोडे घातले. हे वाक्य वाचून कुणी पान उलटू नये, एवढी विनंती आहे.

हे लिहिण्याचे काम मी आधी त्या तिघांतल्या यासीनभाईंवर ढकलून पाहिले. "तुम्ही सांगा, मी फक्त शुद्धलेखन तपासते," असे म्हटले. त्यांनी कानावर हात ठेवले. "बाई, मी सांगाय बसलो की निम्मं खोटं व्हतंय. तुम्हीच लिवा. तुमाला खोटं जमत न्हाय." तेव्हा हे धाडस त्यांच्या आग्रहाचे आणि चुका माझ्या.

महानंदाअक्कांचे हार्डवेअरचे दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होते. माहेर संकेश्वरकडचे. कानडीत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. भावंडांनी दिलेले ते नाव पुढे सगळ्या गल्लीने घेतले. यजमान लवकर गेले, मुलगा हुबळीला मोठा झाला, आणि दुकान अक्कांनी एकटीने चालवले. कपाळाला विभूती, पदर कमरेला खोचलेला, तोंडात लवंग. आवाज असा, की त्यांनी दुकानातल्या पोऱ्याला हाक मारली तर गल्लीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस आपल्यालाच बोलावले असे समजून वळे. आमच्या भागात 'पण'ला 'खरं' म्हणतात, आणि बायका स्वतःविषयी बोलतानाही "मी येतो, मी जातो" म्हणतात. अक्कांच्या तोंडी ते फार शोभे.

कुलूप विकताना ते गिऱ्हाइकाच्या हातात देऊन तिथेच लावायला आणि उघडायला लावण्याची त्यांची रीत होती. कुणी भिडस्तपणे "असू दे, ठीक असेल" म्हणाला की त्या उसळत. "उघडा की पावणं! घरात जाऊन बोंबलशीला, त्यापरास हितं बोंबला. हितं मी हाय."

मी त्यांच्याकडे गेले होते ते दाराची कडी घ्यायला. नव्वदच्या दशकाची सुरुवात असावी. कडी कागदात गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारले, "तुम्ही गणिताच्या बाई न्हवं?" मी होकार दिल्यावर त्यांनी गल्ल्याशेजारच्या डब्यातून एक हिरवा, चमकदार, अनेक पैलूंचा खडा काढून माझ्यासमोर ठेवला. तो फासा होता. "मोजा. वीस तोंडं. रावणाच्या दुप्पट. ह्यात पंधराच्या वर पडायचा संभव किती, त्ये सांगा."

मी सांगितले. त्यांनी मला बसायला स्टूल दिले. मी उठले ती थेट दिवेलागणीला.

फासे आणि त्यांच्याबरोबरचे एक जाड इंग्रजी पुस्तक अक्कांच्या धाकट्या भावाने पाठवले होते. तो जहाजावर नोकरीला होता. अक्का त्याला तम्मा म्हणत. या खेळाला पट नसतो, सोंगट्या नसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. आपले पात्र काय करते ते आपण सांगायचे. ते साधेल की फसेल याची शंका असली तर फासा टाकायचा. पुस्तकात राक्षस, चेटकिणी आणि आग ओकणारे साप विपुल होते. अक्कांनी शब्दकोश मांडीवर घेऊन ते सगळे वाचले आणि सगळे गाळले. "असली जनावरं मारून काय मिळतंय? दुसऱ्याच्या बंद घरातनं वस्तू बाहेर काढायची, कुणाला खरचटू न देता. त्ये अवघड. त्येच खेळायचं."

अशी आमची टोळी झाली. शेजारी रेडिओ आणि टेप दुरुस्त करणारे यासीनभाई हे आमचे सोंगाडे. कुठलाही वेश घेऊन कुणाशीही बोलायचे ते त्यांनी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तपासणीच्या कामावर असलेला प्रकाश कुलपे उघडी. मी पहाऱ्यावर उभी राहण्याचे काम मागून घेतले, कारण त्यात धोका दिसला तर शीळ घालण्यापलीकडे बोलावे लागत नसे. अक्का काउंटरच्या पलीकडे बसून गोष्ट सांगत. रंगाच्या छटांचे एक मोठे पुठ्ठ्याचे कार्ड त्या समोर उभे करीत आणि त्याआड गढ्यांचे, किल्ल्यांचे नकाशे ठेवीत. मुलूख कल्पित असला तरी त्यातला पाऊस, धुके आणि घाटाची वळणे गगनबावड्याची होती.

मोहिमेचा एक क्रम असे. आधी बातमी लागे: अमक्या ठिकाणी अमुक वस्तू आहे. मग टेहळणी, मग बेत, मग प्रवेश. आणि प्रवेशानंतर हमखास घोळ. घोळ झाल्याशिवाय अक्का कुणाला पुढे जाऊ देत नसत. एकदा आमचा बेत इतका चोख होता, की प्रकाशने हट्टाने विचारले, "अक्का, सगळं ठरल्यापरमानं चाललंय, मग मधी कुत्रं कुठनं आलं?"

"ठरल्यापरमानं सगळं पार पडलं, तर त्याला दरोडा म्हणत न्हाईत परकाश, त्याला सोसायटीची सभा म्हणत्यात. कुत्रं भुंकायलंय. बोल."

अडचणीत सापडलेल्या खेळाडूला एक सवलत असे. "याची तजवीज मी आधीच करून ठेवली आहे," असे तो म्हणू शके. तजवीज काय ते सांगायची, सगळ्यांना पटली पाहिजे, आणि मग फासा. प्रकाश यात फार शिस्तीने वागे: दोर आधी लपवला होता, खिळा आधी सैल केला होता. यासीनभाईंची तजवीज मात्र एकच असे. पहारेकरी भाला रोखून उभा राहिला, की ते विचारत, "पावणं, गाव कंचं?" गाव कळले की पुढची पायरी, "मग आमच्या मेव्हण्याच्या चुलत्याला वळखत असशीला की!" आणि पाहता पाहता तो पहारेकरी त्यांच्या सोयऱ्यांत निघे. कोल्हापुरात हे इतके खरे आहे, की आम्हाला ते दर वेळी पटे. तिसऱ्या मोहिमेत एका किल्ल्याची सगळी शिबंदीच यासीनभाईंची नातलग झाल्यावर अक्कांनी हातोडीचा दांडा काउंटरवर आपटला. "हा दरोडा हाय का लगीन? आजपास्नं एका मोहिमेत एकच पावणा. संपला की संपला."

दुसरा नियम याहून अपघाताने झाला. एका सरदाराच्या गढीतून मोत्यांचा तुरा काढायचा होता. यासीनभाई घोड्यांचे व्यापारी बनून, आम्हा दोघांना नोकर म्हणून बरोबर घेऊन टेहळणीला गेले आणि सरदाराने सगळ्यांना जेवायला ठेवून घेतले. अक्का लिंगायत, शाकाहारी. पण सरदाराच्या पंगतीला शोभेल असे जेवण वाढणे त्यांना भाग होते. नाक किंचित आक्रसून त्यांनी सुरुवात केली. "तांबडा रस्सा हाय, पांढरा हाय, आनि त्ये सुकं का काय त्ये."

"सुकं का काय त्ये असं वाढत्यात व्हय?" यासीनभाई दुखावले. "आनि पांढऱ्यात खसखस हाय का न्हाय?"

"मला काय म्हाईत? हाय समजा!"

सरदाराने स्वतः उठून आग्रहाने वाढले. पुढच्या रविवारी भिंत ओलांडायची वेळ आली तेव्हा यासीनभाईंनी फासा खाली ठेवला.

"मी न्हाय येत."

"का?"

"त्यानं मला हातानं वाढलंय, अक्का."

अक्का थक्क झाल्या. "अवो, त्यो सरदार म्हंजे मीच की! आनि मटण म्हंजे नुसती हवा!"

"असंल. खरं जेवलो तर हाय."

अक्कांनी आशेने प्रकाशकडे पाहिले. तो मान खाली घालून म्हणाला, "भाई म्हणत्यात त्ये बराबर हाय. मी बी पंगतीला हुतो." माझ्याकडे पाहण्याची तसदी त्यांनी घेतली नाही, मी तर दोनदा वाढून घेतले होते. ती मोहीम सोडून द्यावी लागली. तुरा अजून तिथेच असेल. त्यानंतर टेहळणीला गेल्यावर पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही, असे ठरले. "आनि पाणी बी आपलंच न्या," असे अक्कांनी मागाहून जोडले.

हे असे कितीतरी वर्षे चालले. बाहेर गल्लीत केबलच्या तारा आल्या, यासीनभाईंकडे टेप दुरुस्तीला येईनासे झाले आणि त्यांनी मोबाइल उघडायला शिकून घेतले. मग एका पावसाळ्यात अक्कांचा आवाज बसला. लवंग झाली, हळद झाली, ज्येष्ठमध झाला. आवाज फाटला तो सांधेना. मिरजेला तपासणी झाली आणि घशातली गाठ वाईट निघाली.

आम्हाला ते त्यांनी काउंटरपलीकडूनच सांगितले, कार्ड उभे करता करता. "डॉक्टर म्हणतोय, जीव ठेवतो, आवाज ठेवत न्हाय. म्हटलं, ठरलं. खरं त्याच्या आधी काजळगडावरनं म्हातारा खाली आणायचा. माझ्या तोंडानं. मोहीम अर्धी टाकून मी जात न्हाय."

काजळगडाची मोहीम तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तीत वस्तू नव्हती, माणूस होता. चांदीचे पैंजण घडवणारा एक वृद्ध कारागीर, हुपरीत घरोघरी दिसतो तसा, गडाच्या धन्याने खोटी नाणी पाडण्यासाठी कोंडून ठेवला होता. त्याला बाहेर काढायचे होते. म्हातारा हळू चालतो, त्याला खोकला आहे, आणि तो पोत्यात घालून नेता येत नाही, हे अक्कांनी पहिल्याच दिवशी बजावले होते.

डॉक्टरांनी बोलणे कमी करायला सांगितले होते. शस्त्रक्रियेचा दिवस ठरलेला होता. घाई करायला हवी होती. आणि नेमके तेव्हाच आमची टोळी अतिशय सावध झाली. प्रकाशला प्रत्येक कुलपाची जात आधी जाणून घ्यायची होती. यासीनभाई एकामागून एक पहारेकऱ्यांशी गप्पा मारून आले, त्यात त्यांचा एकुलता एक पावणाही खर्ची पडला. मी, जी कधी बोलत नसे, तिने मागच्या बुरुजाची पुन्हा एकदा पाहणी सुचवली. आम्ही आपसात काही ठरवले नव्हते. तरीही रविवार संपताना गड जिथे होता तिथेच असे, आणि आम्ही पायथ्याला.

अखेर एका रविवारी प्रकाश चौथ्या दरवाजाच्या बिजागरीविषयी विचारू लागला तेव्हा अक्का म्हणाल्या, "साकु!" कानडीत पुरे. तो शब्द एरवी गल्लीभर गेला असता. त्या दिवशी तो काउंटरच्या कडेपर्यंत पोहोचला.

"मला कळत न्हाय व्हय?" त्यांनी एकेकाकडे पाहिले. "तुम्ही बेत आखत न्हाय. तुम्ही माझा आवाज पुरवून पुरवून वापरायलाय. लोणचं हाय व्हय त्ये? मोहीम संपली की अक्का गप व्हनार, म्हणून मोहीमच संपवायची न्हाय?"

यासीनभाई छताकडे पाहू लागले.

"ऱ्हायलेला आवाज मला मिरजंला न्यायचा न्हाय. तिथं त्यो फेकूनच देणार. मला त्यो हितं खपवायचाय. फुडच्या रविवारी गडावर चढायचं. जो पायथ्याला बसंल, त्यानं पुन्हा माझ्या दुकानात यायचं न्हाय. बाई, तुम्हाला बी सांगतो."

मिरजेला जाण्याआधीचा तो शेवटचा रविवार होता. आम्ही वेळेआधी जमलो. बेत साधा होता: कल्हईवाले म्हणून गडावर जायचे. भट्टी लावायची, नवसागराचा पांढरा धूर करायचा, त्या धुरात म्हाताऱ्याच्या तोंडाला काजळी फासून त्याला भात्यावर बसवायचे, आणि भांडी संपली की सगळ्यांनी एकदम उतरायचे.

अक्का कुजबुजत होत्या. आम्ही काउंटरवर ओणवे होऊन ऐकत होतो. इतकी वर्षे आम्ही दरोडे घातले ते भर बाजारात लिलाव चालावा अशा आरड्याओरड्यात. त्या दुपारी प्रथमच चोरी करताना माणसे जशी बोलतील तसे बोललो. प्रकाशने कोठडीचे कुलूप उघडले. म्हातारा खोकला. धूर आला. बुरुजावर कुणी वळले म्हणून मी शीळ घातली. तीही तोंडातल्या तोंडात. दरवाजे मागे पडत गेले. मधूनमधून अक्का थांबत, कोमट पाण्याचा घोट घेत, हाताने "थांबा, आहे मी" अशी खूण करीत आणि पुढे सांगू लागत.

शेवटच्या दरवाजावर पहारेकरी आडवा आला. त्याच्या हातात पातेले होते.

"माझं ऱ्हायलंय," अक्का त्याच्या आवाजात म्हणाल्या. "कल्हई करून द्या, मग जावा."

वर गडावर कोठडी रिकामी सापडल्याची बोंब उठली होती. दरवाजा बंद होता. यासीनभाईंच्या ओठांवर "पावणं, गाव" एवढे आले आणि थांबले. पावणा संपला होता. त्यांनी अक्कांकडे केविलवाणे पाहिले. अक्कांनी कार्डाआडून नकारार्थी मान हलवली. आवाज संपत आला तरी त्या नियम मोडणार नव्हत्या.

"अक्का," प्रकाश म्हणाला, "एवढं सोडा की. तुम्हाला त्रास व्हायलाय. दार उघडलं म्हणा."

"मी म्हणून दार उघडत न्हाय," त्या म्हणाल्या. "पातेलं घ्या."

तेव्हा आम्ही पातेले घेतले. बोंब जवळ येत असताना, तिथेच, दरवाजात, भट्टी पुन्हा पेटवली. यासीनभाईंनी भाता धरला, प्रकाशने पातेले तापवले, आणि कथील म्हाताऱ्याने फिरवले, कारण थरथरत्या हातांनाही धातू कळत होता. अक्कांनी फासा प्रकाशला दिला. त्याने टाकला तो घरंगळत गेला, मोजपट्टीला अडला आणि चांगला पडला. अक्कांनी पहारेकरी होऊन पातेल्यात स्वतःचे तोंड पाहिले. दाराचा अडणा काढला. आम्ही उतरू लागलो.

त्यानंतर त्यांना पाण्याचे दोन घोट लागले.

"गड मागं ऱ्हायला," अक्का म्हणाल्या. "धुकं हाय. चौघं बी हायत."

त्यांचा आवाज मी ऐकला तो एवढाच. त्यांनी कार्ड मिटले, फासे डब्यात टाकले आणि आम्हाला हातानेच घरी पिटाळले. त्यांना म्हाताऱ्याला आणायचे होते, त्यांनी आणले.

मिरजेहून परत आल्या तेव्हा गळ्याभोवती पांढरे सुती फडके होते. दुकान पंधरवड्यात उघडले. गिऱ्हाइकाच्या हातात कुलूप देऊन ते उघडून पाहा, हे त्या आता नुसत्या भुवईने सांगत, आणि माणसे पूर्वीपेक्षा निमूट ऐकत. गंमत म्हणजे समोरचेच ओरडून बोलत, जणू अक्कांना ऐकूही येत नाही. त्या कपाळावर हात मारून घेत.

रविवारी आम्ही जावे की नाही अशा विचारात होतो. प्रकाशला त्यांनी पोऱ्याकडून बोलावणे धाडले. आम्ही गेलो तर अक्का काउंटरच्या अलीकडे, आमच्या बाजूच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केले, मग यासीनभाईंकडे. भाईंनी पुष्कळ आढेवेढे घेतले. "अक्का, मला कोण भिणार? माझं समदं पहारेकरी हासतील." अक्कांनी उठून कार्ड त्यांच्यासमोर उभे केले.

खेळाडू म्हणून त्या आमच्यात सर्वांत धाडसी निघाल्या. काय करणार ते सांगायला मांडणीवरची कुठलीही वस्तू उचलीत: दोराचे भेंडोळे, कानस, आकडा. ज्याचे नाव ठाऊक नाही ते हवेत काढून दाखवत. यासीनभाई चांगले सांगू लागले. घोळ घालण्यात तर ते अक्कांच्याही पुढे गेले, आणि सोयरिकी आता पहारेकरी काढू लागले.

पुढे गुडघे चालेनात. मुलाने हुबळीला नेण्याचे ठरवले, दुकान रिकामे झाले. टेम्पो यायच्या दिवशीही त्यांनी खेळायला बसवले. मांडणी उघडी पडली होती. काउंटर तेवढा उरला होता. अक्कांचे पात्र भिंतीवर होते, दोर हाताशी, ऐवज पाठीवर. प्रकाशचा पाय मोडून तो आत पडला होता. मशाली जवळ येत होत्या. प्रकाश स्वतःच म्हणाला, "जावा अक्का. मी हितं बगतो." अक्कांनी पाठीवरचा ऐवज काढून ठेवल्याची खूण केली आणि बोट आतल्या दिशेला वळवले. मग फासा टाकला.

तो वाईट पडला.

यासीनभाईंनी पुढे वाकून आकडा वाचला. "अक्का," ते म्हणाले, "न्हाय जमलं." आणि त्यांनी फासा उचलून मुठीत घेतला. एकदा टाकलेला फासा पुन्हा टाकायचा नाही, हा नियम अक्कांचाच. तो त्यांनी आमच्यापैकी कुणासाठी कधी मोडला नव्हता.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. अक्का हलल्या नाहीत. त्यांनी उजवा हात काउंटरवर यासीनभाईंसमोर पसरला, तळवा वर करून, आणि तो तसाच ठेवला. चेहऱ्यावर विनवणी नव्हती. आत जायचे होते, आणि त्यासाठी फासा हवा होता. त्या मला शेवटच्या दिसतात त्या अशा.

यासीनभाईंनी काय केले, ते मी लिहीत नाही. तुम्ही त्यांच्या जागी असता, तर फासा परत दिला असता का?